आधी ऐका, मग बोला

घरात पहिल्यांदा वाय-फाय बसवले तेव्हा मुलाने विचारले, "सगळी यंत्रे एकदमच बोलू लागली तर?"

प्रश्न जुनाच आहे. हवाई विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर होत्या आणि टेलिफोनच्या तारा महाग. म्हणून नॉर्मन अब्रामसन व सहकाऱ्यांनी ओआहू बेटावरील मुख्य संगणकाशी रेडिओने बोलणारे 'अलोहानेट' १९७१ साली सुरू केले. पाळी ठरवून देणारा वर्गनायक त्यात नव्हता. निरोप सरळ पाठवायचा. पोच आली नाही, तर तो बहुधा दुसऱ्या निरोपावर आदळला असे समजून थोडे थांबायचे व पुन्हा पाठवायचा. गंमत या 'थोडे'मध्ये आहे. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली! म्हणून थांबण्याचा वेळ जणू फासे टाकून ठरवायचा. एवढे करूनही, गणित मांडले तर या पद्धतीत फार तर १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले. त्यात फासे राहिले, पण बोलण्याआधी ऐकण्याची अट आली. आमच्या घरात मात्र दोन टोकांच्या खोल्यांतील यंत्रांना भिंतींमुळे एकमेकांचे बोलणे ऐकूच येत नाही. राउटरपाशी त्यांचे निरोप अजूनही आदळतात, त्या बेटांवरच्यासारखेच.