खाजगीपणा, संगणकीय

संगणक व महाजाल (इंटरनेट) यांचा वापर करताना स्वतःविषयीची माहिती कोणास, किती व कोणत्या हेतूने द्यावयाची हे ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार, तसेच त्या माहितीच्या संरक्षणाचे उपाय, यांस संगणकीय खाजगीपणा असे म्हणतात. खाजगीपणा व गोपनीयता या संकल्पना भिन्न आहेत. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे भूसेनेचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. अशा संस्थेच्या माहितीची गोपनीयता शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये राखली जाते. ती राज्याची गोपनीयता होय. त्याच गावातील रहिवाशाच्या पत्रव्यवहाराला, बँकखात्याला वा बोटांच्या ठशांना मात्र दीर्घकाळ तितके स्पष्ट कायदेशीर संरक्षण नव्हते. या दुसऱ्या संरक्षणाचा इतिहास येथे दिला आहे.

पूर्वपीठिका : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली. लोहमार्गाबरोबरच तारयंत्रही वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील स्थानकांपर्यंत आले. बंद पाकिटातील पत्र टपालवाल्यास वाचता येत नसे. तारेचा मजकूर मात्र पाठविणाऱ्या व घेणाऱ्या तारमास्तरांसमोर उघडाच असे. संदेशाचा वेग वाढला, की तो हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या दृष्टीस पडण्याची शक्यताही वाढते, हे तत्त्व तेव्हापासून लागू आहे. सांकेतिक रूप न दिलेला संगणकीय संदेश हा या दृष्टीने तारेचाच वारस ठरतो. भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५ अन्वये शासनास संदेश अडविण्याचा अधिकार मिळाला. दूरध्वनी टेपयंत्राने ध्वनिमुद्रित करण्याचा प्रश्न मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील खटल्यात उपस्थित झाला. संभाषणातील एका पक्षाची संमती असल्याने असा पुरावा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ग्राह्य धरला. पुढे १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाचा भाग मानून ते चोरून ऐकण्यावर कार्यपद्धतीची बंधने घातली. या बंधनांचा भंग करून काढलेले आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरविले.

संगणकाचे आगमन : भारतीय बनावटीचा आद्य संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या काळी माहितीचे रक्षण म्हणजे यंत्राच्या खोलीस कुलूप लावणे, एवढाच अर्थ होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी महाजाल-सेवा सुरू केल्यावर ही स्थिती पालटली. कुलूपबंद खोलीची जागा संकेतशब्दाने घेतली आणि रक्षणाची जबाबदारी प्रत्येक वापरकर्त्यावर येऊन पडली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्यातील २००८ च्या दुरुस्तीने दुसऱ्याची ओळख चोरणे, तोतयेगिरीने फसविणे आणि संमतीवाचून खाजगी छायाचित्र घेणे वा प्रसारित करणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले.

आधार व मूलभूत हक्क : नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या योजनेस आव्हान देणाऱ्या न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून मूळ प्रश्नच पुढे आला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. नागपूरचे शरद बोबडे व मुंबईत वकिली केलेले धनंजय चंद्रचूड हे त्या पीठावर होते. आणीबाणीतील १९७६ च्या बंदिप्रत्यक्षीकरण निर्णयात यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते. तो निर्णय २०१७ मध्ये त्यांच्याच पुत्राने चुकीचा ठरविला. आधार योजना २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरली. परंतु बँकखाते व भ्रमणध्वनी यांस आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली.

या वादाचे व्यावहारिक मर्म असे, की संकेतशब्द उघड झाल्यास तो बदलता येतो. बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. शिवाय ज्याच्याजवळ स्वतःचा संगणक नाही, अशा शेतमजुरास शिधापत्रिका, अनुदान वा दाखला यांसाठी सेवा केंद्रचालकाच्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो व कागदपत्रांच्या प्रती मागे ठेवाव्या लागतात. त्याचा खाजगीपणा दुसऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहतो.

संस्थांवरील आघात : जून २०१७ मध्ये एका विनाशक संगणकीय आज्ञावलीमुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम-प्रणालीत शिरकाव करून सु. ९४ कोटी रुपये पळविण्यात आले. त्यांपैकी बरीच रक्कम परदेशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. ग्राहकाने सर्व दक्षता घेतली, तरी संस्थेची यंत्रणा दुबळी असल्यास ती दक्षता अपुरी पडते, हे या घटनांनी दाखवून दिले. संस्थांवर प्रत्यक्ष दायित्व टाकणारा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. शासकीय यंत्रणांना दिलेल्या सवलती हा या अधिनियमावरील टीकेचा प्रमुख विषय आहे.

संरक्षणाचे उपाय : प्रत्येक खात्यास वेगळा व लांब संकेतशब्द ठेवणे, त्यास दुसऱ्या पडताळणीची जोड देणे, एकवेळचा संकेतांक कोणासही न सांगणे आणि आज्ञावली अद्ययावत ठेवणे हे उपाय प्राथमिक होत. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत वापरता येते, तसेच ठशांची पडताळणी कुलूपबंद करून ठेवता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्याने रक्कम गोठविली जाण्याची शक्यता वाढते. छायाचित्रासोबत स्थळाची नोंदही जात असल्याने पुलगावसारख्या लष्करी महत्त्वाच्या गावी व्यक्तीची दक्षता व राष्ट्राची सुरक्षितता एकत्र येतात. तथापि नागरिकाने राज्याचे गुपित राखावे, ही अपेक्षा जितकी जुनी आहे, तितकीच राज्याने नागरिकाची खाजगी माहिती राखावी ही अपेक्षा नवी आहे. तिची कायदेशीर घडण अद्याप पूर्ण झालेली नाही.