हार्वी ब्रूम : अरण्याची बाजू मांडणारे वकील

हार्वी ब्रूम (१५ जुलै १९०२ – ८ मार्च १९६८) हे अमेरिकेतील वकील, पदभ्रमणप्रेमी आणि अरण्यसंरक्षण चळवळीचे एक अग्रणी होते. ‘वाइल्डरनेस सोसायटी’ या संस्थेच्या आठ संस्थापकांपैकी ते एक असून १९५७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. १९६४ च्या ‘वाइल्डरनेस ॲक्ट’ या कायद्यासाठी झालेल्या प्रदीर्घ प्रयत्नांत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वतराजी ही त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी होय.

पूर्वायुष्य

ब्रूम यांचा जन्म टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. पंधराव्या वर्षी स्मोकी पर्वतातील सायलर्स बॉल्ड या माथ्यावर ते मुक्कामाच्या सहलीला गेले आणि तेव्हापासून या डोंगरांशी त्यांचे नाते जडले. टेनेसी विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी आणि १९२६ मध्ये हार्वर्ड येथून कायद्याची पदवी मिळवून ते गावी परतले.

त्या काळी स्मोकी पर्वतातील मोठे वनक्षेत्र लाकूड कंपन्यांच्या ताब्यात होते आणि तेथे झपाट्याने वृक्षतोड चालू होती. १९२४ मध्ये नॉक्सव्हिल येथे सुरू झालेल्या ‘स्मोकी माउंटन्स हायकिंग क्लब’मध्ये ब्रूम सक्रिय झाले. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ॲपलाचियन पायवाट स्मोकीच्या कण्यावरून नेण्याच्या कामात या मंडळाने पुढाकार घेतला. १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. वृक्षतोडीचे संकट टळले. परंतु उद्यान झाल्यामुळेच दुसरे संकट समोर उभे राहिले, ते म्हणजे मोटाररस्त्यांचे.

संस्थेची स्थापना

महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी अमेरिकेत डोंगरमाथ्यांवरून प्रेक्षणीय रस्ते बांधण्याच्या योजना पुढे येत होत्या. स्मोकीच्या माथ्यावरूनही असा रस्ता नेण्याचा विचार होता. ऑक्टोबर १९३४ मध्ये वनशास्त्रज्ञांच्या एका परिषदेनिमित्त बॉब मार्शल नॉक्सव्हिलला आले होते. ते, ॲपलाचियन पायवाटेचे जनक बेन्टन मकाय, वनतज्ज्ञ बर्नार्ड फ्रँक आणि ब्रूम मोटारीने एका क्षेत्रभेटीस निघाले असता चर्चा इतकी रंगली की, त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबविली आणि तेथेच नव्या संस्थेची उद्दिष्टे मांडली. रस्त्यांपासून अरण्य वाचविणाऱ्या संस्थेचा जन्म असा रस्त्याच्या कडेलाच झाला. जानेवारी १९३५ मध्ये ‘वाइल्डरनेस सोसायटी’ची औपचारिक स्थापना झाली. आल्डो लिओपोल्ड हेही तिच्या संस्थापकांपैकी होते.

वकिली आणि कायदा

ब्रूम यांची ख्याती न्यायालयातील गाजलेल्या खटल्यांवर उभी नाही. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग संघीय न्यायाधीशांचे विधी-सहायक म्हणून, म्हणजे कायद्याचे संशोधन करण्यात आणि निकालपत्रांच्या तयारीत साहाय्य करण्यात गेला. मधल्या काळात त्यांनी खाजगी वकिलीही केली. परंतु तिच्या व्यापातून अरण्यकार्यासाठी वेळ उरेना, तेव्हा ते पुन्हा न्यायालयीन सेवेत परतले.

उद्यान घोषित झाले तरी त्यात रस्ता नेण्याचा निर्णय प्रशासन घेऊ शकते. म्हणून अरण्याला संसदेच्या कायद्याचे कवच हवे, ही संस्थेची भूमिका होती. कायद्याचा मसुदा संस्थेचे कार्यकारी अधिकारी हॉवर्ड झानायझर यांनी तयार केला. १९५६ पासून आठ वर्षे त्यावर सुनावण्या आणि दुरुस्त्या चालल्या. मे १९६४ मध्ये झानायझर यांचे निधन झाले आणि ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. सुमारे ९१ लाख एकर भूमीला लगेच संरक्षण मिळाले. अशा क्षेत्रात कायमस्वरूपी रस्ते, व्यापारी उद्योग आणि सर्वसाधारणपणे मोटारवाहनांना मज्जाव असतो. माणसाने तेथे पाहुणा म्हणून यावे व परतावे, ही त्यामागील कल्पना आहे.

स्मोकीचा लढा

या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानांतील रस्तेविरहित प्रदेशांचा आढावा घेणे बंधनकारक झाले आणि स्मोकीचा क्रमांक आरंभीच लागला. मात्र उद्यान प्रशासनाच्या आराखड्यात पर्वत ओलांडणारा दुसरा मोटाररस्ता होता. त्याला पार्श्वभूमी होती. फोंटाना धरणामुळे जुना रस्ता बुडाल्याने नॉर्थ कॅरोलायनातील स्वेन काउंटीला नवा रस्ता देण्याचे वचन सरकारने १९४३ मध्ये दिले होते. विस्थापितांची गावे आणि पूर्वजांची दफनस्थळे पलीकडे राहिली होती, त्यामुळे स्थानिकांची मागणी निराधार नव्हती. हा नवा प्रस्ताव त्या वचनाला पर्याय म्हणून पुढे आला होता.

१९६६ च्या जाहीर सुनावण्यांत ब्रूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आराखड्यास विरोध केला. त्यांचे जुने मित्र अर्नी डिकरमन यांच्या पुढाकाराने २३ ऑक्टोबर १९६६ रोजी निघालेल्या निषेध-पदयात्रेत शेकडो लोक सहभागी झाले. अखेर डिसेंबर १९६७ मध्ये गृहमंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी हा रस्ता नाकारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी ब्रूम यांचे निधन झाले.

उत्तरकाळ

ब्रूम यांनी अनेक वर्षे पदभ्रमणाच्या दैनंदिन नोंदी ठेवल्या होत्या. त्यांतून ‘आउट अंडर द स्काय ऑफ द ग्रेट स्मोकीज’ हे पुस्तक १९७५ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. स्वेन काउंटीचा वाद २०१० मध्ये रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलरच्या भरपाईचा करार होऊन मिटला. अर्धवट राहिलेला रस्ता व बोगदा आजही तेथे पाहावयास मिळतो.

वाइल्डरनेस ॲक्टखाली आज अमेरिकेतील ११ कोटी एकरांहून अधिक भूमी संरक्षित आहे. ज्या स्मोकीसाठी ब्रूम आयुष्यभर झटले, त्या उद्यानाला मात्र संसदेने हा दर्जा अद्याप दिलेला नाही. उद्यानाचा बहुतांश भाग अरण्य म्हणूनच सांभाळला जातो, पण तो प्रशासकीय धोरणाच्या आधारे. वर्षाला १ कोटीहून अधिक लोक येणाऱ्या या उद्यानात ब्रूम यांनी मागितलेले कायद्याचे कवच अजून मिळावयाचे आहे.