व्हेनिस : कालव्यांच्या नगरीतील प्रेक्षणीय स्थळे आणि जलव्यवस्थापनाचा इतिहास

प्रस्तावना :

इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी वसलेले व्हेनिस हे जगातील सर्वाधिक परिचित असे कालव्यांचे शहर होय. सुमारे ११८ लहान बेटे, त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल आणि रस्त्यांची जागा घेणारे दीडशेहून अधिक कालवे मिळून हे शहर बनले आहे. ऐतिहासिक शहरात आजही मोटारीला प्रवेश नाही. येथे येणारा प्रवासी बहुधा सेंट मार्क चौक, डोजचा राजवाडा आणि रिआल्टोचा पूल पाहून त्याच दिवशी परततो. या वास्तूंची वर्णने प्रवाससाहित्यात विपुल आढळतात. तथापि ज्या पाण्यामुळे त्या उभ्या राहिल्या आणि ज्या पाण्यापासून त्यांना आज धोका आहे, त्या पाण्याचे नियमन कोणी व कसे केले, हा प्रश्न सहसा उपेक्षित राहतो.

उद्दिष्टे :

१) व्हेनिसच्या प्रमुख प्रेक्षणीय स्थळांची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने केलेल्या जलव्यवस्थापनाचे स्वरूप पाहणे.
३) वास्तूंचे जतन आणि नागरी जीवनाचे जतन यांतील संबंध तपासणे.

नगरीची स्थापना व भौगोलिक स्थान :

व्हेनिस ज्या जलाशयात वसले आहे तो एक खारकच्छ आहे. म्हणजे वाळूच्या अरुंद पट्ट्यांनी समुद्रापासून अलग झालेले उथळ, खाऱ्या पाण्याचे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५० चौरस किलोमीटर असून लिदो, मालामोक्को व किओजा या तीन मुखांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते. परंपरेनुसार शहराची स्थापना २५ मार्च ४२१ रोजी झाली असे मानले जाते. परंतु तो दिवस दंतकथेचा भाग आहे. इ. स. ४५२ मधील हूणांचे आक्रमण आणि इ. स. ५६८ नंतरच्या लोंबार्डांच्या स्वाऱ्या यांमुळे मुख्य भूमीवरील लोक या दलदलीच्या बेटांवर आश्रयाला आले आणि नवव्या शतकाच्या आरंभी रिआल्टो परिसर सत्तेचे केंद्र बनला.

चिखलाच्या भूमीवर दगडी इमारती उभारण्यासाठी येथील बांधकाम करणाऱ्यांनी लाकडी खांब एकमेकांलगत ठोकून त्यांवर फळ्या व खाऱ्या पाण्याला टिकणारा इस्त्रिया प्रांतातील दगड रचला. चिखलात प्राणवायू फारसा पोहोचत नसल्याने हे लाकूड शतकानुशतके टिकून राहिले. गोड्या पाण्याची सोयही अशीच कल्पकतेने केलेली होती. चौकांत आज दिसणारी दगडी विहिरींची तोंडे भूजलाच्या विहिरींची नाहीत. चौकाखाली चिकणमातीचे अस्तर दिलेले खोल टाके असे, त्यात वाळू भरलेली असे आणि पावसाचे पाणी त्या वाळूतून गाळून मधल्या विहिरीत साठे. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी येईपर्यंत, म्हणजे १८८४ पर्यंत, शहराची तहान प्रामुख्याने याच विहिरींनी भागविली.

ग्रँड कॅनॉल, गेट्टो व रिआल्टो :

रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला स्थानकाबाहेर पडताच ग्रँड कॅनॉलचे दर्शन घडते. सुमारे ३.८ किलोमीटर लांबीचा हा उलट्या एस अक्षराच्या आकाराचा जलमार्ग शहराला दोन भागांत विभागतो. त्याच्या काठावर व्यापारी सरदार घराण्यांचे वाडे आहेत. त्यांची दर्शनी बाजू पाण्याकडे असते; कारण माल नावेतून थेट तळमजल्यावर उतरविला जाई आणि कुटुंब वरच्या मजल्यावर राही. १८४६ च्या रेल्वे पुलापूर्वी मात्र शहरात येण्यास जलमार्गाखेरीज अन्य मार्गच नव्हता.

स्थानकापासून जवळच गेट्टो हा भाग आहे. सन १५१६ मध्ये प्रजासत्ताकाने ज्यूंना या बेटावरच राहण्याची सक्ती केली. रात्री त्याचे दरवाजे बंद होत व त्यांवर पहारा असे. जागा वाढविता येत नसल्याने येथील घरे शहरातील इतर घरांपेक्षा उंच झाली. जगातील अनेक भाषांत रूढ झालेला ‘गेट्टो’ हा शब्द येथूनच आला. कालवा हा जसा व्यापाराचा मार्ग होता तसाच माणसांना कोंडणारा खंदकही होता, याची साक्ष हे स्थळ देते. १७९७ मध्ये फ्रेंच सत्तेने ही सक्ती रद्द केली.

पुढे रिआल्टोचा पूल लागतो. आंतोनिओ दा पोंते याने १५८८ ते १५९१ या काळात बांधलेला हा एककमानी दगडी पूल एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रँड कॅनॉलवरील एकमेव पूल होता. त्याच्या परिसरात मासळी व भाजीपाल्याचा बाजार, सराफांच्या पेढ्या आणि १५८७ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक पेढी होती. अलेक्झांड्रियातून आणलेले मलबारचे मिरे येथूनच जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती जात. या व्यापाऱ्यांसाठी १५०५ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली वखार पुलाशेजारी आजही उभी आहे. विसाव्या शतकात ती टपाल कार्यालय होती. २०१६ मध्ये तेथे चैनीच्या वस्तूंचे भव्य दालन सुरू झाले आणि तेही २०२५ मध्ये बंद पडले. एका इमारतीच्या या स्थित्यंतरात शहराच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास सामावलेला दिसतो.

या व्यापाराचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचले होते. १२७१ मध्ये प्रवासास निघून १२९५ मध्ये परतलेल्या मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचा उल्लेख आहे. व्हेनिसमध्ये १२८४ पासून पाडल्या जाणाऱ्या ‘डुकाट’ या सुवर्णनाण्यावर सेंट मार्कसमोर गुडघे टेकलेल्या डोजची आकृती असे. हे नाणे व्यापाराच्या ओघात भारतात आले आणि त्यावरील मानवाकृतींमुळे महाराष्ट्रात ‘पुतळी’ या नावाने ओळखले गेले. मराठी स्त्रियांच्या पुतळ्यांच्या माळेचे मूळ या नाण्यांत आहे. तसेच व्हेनिसमध्ये १६३८ साली जन्मलेला निकोलाओ मनुची हा मिर्झाराजा जयसिंगाच्या सैन्यासोबत १६६५ मध्ये दख्खनेत होता आणि शिवाजी महाराजांशी आपली भेट झाल्याचे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

सेंट मार्क चौक व डोजचा राजवाडा :

इ. स. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी सेंट मार्कचे अवशेष अलेक्झांड्रियातून आणले आणि हा संत शहराचा रक्षक ठरला. सध्याच्या सेंट मार्क बॅसिलिकेचे बांधकाम १०६३ मध्ये सुरू झाले. पाच घुमट व सोनेरी पार्श्वभूमीवरील कुट्टिमचित्रे यांतून बायझंटाइन कलेचा प्रभाव स्पष्ट होतो. दर्शनी भागावरील चार कांस्य अश्व चौथ्या क्रूसेडच्या वेळी, १२०४ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले आहेत. नेपोलियनने १७९७ मध्ये तेच पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये ते परत आले. आज बाहेर दिसतात त्या प्रतिकृती असून मूळ अश्व आतील संग्रहालयात आहेत. शेजारचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला व १९१२ मध्ये पूर्ववत बांधण्यात आला.

बॅसिलिकेला लागून असलेल्या डोजच्या राजवाड्याची सध्याची इमारत १३४० पासून आकारास आली. समकालीन युरोपातील सत्ताकेंद्रांना जाड तट आणि बुरूज असत. येथे मात्र तळमजल्यावर खुल्या कमानी आहेत. शहराचा खरा तट म्हणजे भोवतीचे उथळ पाणी होते. जेनोआच्या आरमाराने १३७९ मध्ये किओजा जिंकले, परंतु मुख्य शहर त्यांच्या हाती लागले नाही आणि १३८० मध्ये त्यांनाच शरण यावे लागले. राजवाड्यातील महासभेच्या दालनात तिंतोरेत्तोचे ‘पॅराडाइज’ हे विशाल चित्र आहे. डोज आजन्म पदावर असला तरी त्याची सत्ता मर्यादित होती. १२९७ नंतर महासभेचे सदस्यत्व ठराविक सरदार घराण्यांपुरते राहिले आणि १३१० मध्ये दहाजणांचे मंडळ अस्तित्वात आले. गुप्त तक्रारी टाकण्यासाठी भिंतींत बसविलेली सिंहमुखे आणि तुरुंगाकडे नेणारा ‘उसाशांचा पूल’ या राज्यव्यवस्थेची दुसरी बाजू दाखवितात.

चौकाच्या पूर्वेस आर्सेनाल हा सरकारी नौकाबांधणी कारखाना आहे. येथे हजारो कामगार ठराविक श्रमविभागणीने नौका सिद्ध करीत. समोरच्या काठावरील सांता मारिया देल्ला सालुते हे चर्च १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाल्यानंतर नवसापोटी उभारले गेले. बाल्दास्सारे लोंगेना याने आराखडा केलेल्या या वास्तूचे काम १६८७ मध्ये पूर्ण झाले. दरवर्षी २१ नोव्हेंबरला नागरिक तात्पुरता पूल बांधून येथे दर्शनास जातात.

जलव्यवस्थापन : एक मूलभूत वाद

वरील सर्व वास्तू टिकण्यासाठी खारकच्छ टिकणे आवश्यक होते. नद्यांच्या गाळाने तो भरून गेला असता तर व्हेनिसचे बंदर व संरक्षण दोन्ही संपले असते. म्हणून १५०१ मध्ये प्रजासत्ताकाने जलविषयक कायमस्वरूपी अधिकारीमंडळ नेमले. सोळाव्या शतकात या धोरणाविषयी एक महत्त्वाचा वाद झाला. जमीनदार व लेखक आल्व्हीसे कोर्नारो याचे मत असे की, खारकच्छाचा काही भाग बांध घालून कोरडा करावा व तेथे शेती करून शहराचा धान्याचा प्रश्न सोडवावा. सरकारी जलअभियंता क्रिस्तोफोरो साब्बादिनो याने त्यास विरोध केला. खारकच्छ जितका विस्तीर्ण तितका भरतीचा प्रवाह जोरदार आणि तितकीच मुखे गाळापासून मुक्त, हे त्याच्या विचाराचे सूत्र होते.

राज्यसंस्थेने मुख्यतः साब्बादिनोचा मार्ग स्वीकारला. पंधराव्या ते सतराव्या शतकांत ब्रेंता, सिले व पिआव्हे या नद्यांचे प्रवाह वळविण्यात आले. १६०४ मध्ये पोर्तो व्हिरो येथे नवा मार्ग खोदून पो नदीचे मुख दक्षिणेकडे नेण्यात आले. १७४४ ते १७८२ या काळात समुद्राच्या बाजूस ‘मुरात्सी’ या दगडी भिंती बांधल्या गेल्या. पोर्तुगीजांनी १४९८ मध्ये भारताचा सागरी मार्ग गाठल्यावर व पुढे डचांच्या स्पर्धेमुळे मसाल्यांचा व्यापार हातातून गेला, तरीही जलरक्षणाची ही कामे थांबली नाहीत. १२ मे १७९७ रोजी महासभेने स्वतःचे विसर्जन केले. त्यानंतर शहर काही काळ फ्रेंचांच्या आणि मुख्यतः ऑस्ट्रियाच्या ताब्यात राहून १८६६ मध्ये इटलीत सामील झाले.

विसाव्या शतकातील बदल व सद्यःस्थिती :

विसाव्या शतकात कोर्नारोचा विचार निराळ्या रूपात परत आला. १९१७ पासून मार्गेरा येथे औद्योगिक बंदर विकसित झाले, त्यासाठी खारकच्छाचा काही भाग भरण्यात आला आणि तेलवाहू जहाजांसाठी खोल कालवा खोदला गेला. कारखान्यांनी केलेल्या भूजलाच्या उपशामुळे जमीन खचली. खचणारी जमीन व वाढणारी समुद्रपातळी यांमुळे त्या शतकात पाणी सुमारे २३ सेंटिमीटरने वर आले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ सेंटिमीटर होते.

उपाय म्हणून २००३ मध्ये ‘मोझे’ या प्रकल्पाचे काम सुरू झाले. तीनही मुखांवर बसविलेली ७८ हालती दारे उंच भरतीच्या वेळी वर येऊन समुद्राचे पाणी अडवितात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी प्रथमच शहर कोरडे ठेवले. परंतु पाच अब्ज युरोंहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पातील भ्रष्टाचार २०१४ मध्ये उघडकीस आला आणि १५०१ च्या परंपरेचा वारसा सांगणारे जलखाते त्याच वर्षी रद्द करण्यात आले. शिवाय समुद्रपातळी वाढत जाईल तशी ही दारे वारंवार बंद करावी लागतील; तसे झाल्यास पाण्याचा जो अदलाबदल साब्बादिनोने खारकच्छाचा प्राण मानला होता, तोच मंदावेल.

पाण्याबरोबरच दुसरे संकट लोकसंख्येचे आहे. ऐतिहासिक शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख रहिवासी होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांखाली गेली. घरे पर्यटकांना भाड्याने देणे लाभदायक ठरल्याने रहिवासी मुख्य भूमीवर स्थलांतरित झाले. २०२१ मध्ये मोठ्या प्रवासी जहाजांना शहराच्या मध्यवर्ती जलमार्गात बंदी करण्यात आली आणि २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी एका दिवसाच्या पर्यटकांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क सुरू झाले. हे उपाय गर्दीचे नियमन करू पाहतात. गेलेले रहिवासी परत आणण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

निष्कर्ष :

१) व्हेनिसची प्रेक्षणीय स्थळे ही स्वतंत्र कलाकृती नसून व्यापार, राज्यसंस्था व जलव्यवस्था यांच्या परस्परसंबंधातून निर्माण झालेली आहेत.

२) प्रजासत्ताकाची राज्यपद्धती मूठभर घराण्यांपुरती मर्यादित होती, तथापि पाणी ही सामाईक संपत्ती मानून तिचे अनेक पिढ्या सातत्याने रक्षण करण्याची दृष्टी तिच्यापाशी होती.

३) युनेस्कोने १९८७ मध्ये ‘व्हेनिस आणि त्याचे खारकच्छ’ असा एकत्रित वारसा मान्य केला. यावरून शहर व जलाशय यांचे जतन वेगळे करता येत नाही हे स्पष्ट होते.

४) दारांनी समुद्र अडविता येतो, परंतु विहिरीभोवतीचा चौक, रिआल्टोचा बाजार व सालुतेचा उत्सव यांना अर्थ देणारा रहिवासी समाज अशा यंत्रणेने टिकविता येत नाही. त्यासाठी घरे, रोजगार आणि स्थानिक कारभार यांविषयी तितकेच दीर्घ पल्ल्याचे सार्वजनिक धोरण आवश्यक आहे. नद्यांचे प्रवाह वळविण्याचा निर्धार ज्या नगरीने दाखविला, तिच्या इतिहासात अशा धोरणाचा आदर्श आधीच उपलब्ध आहे.