कर भरला, शपथ नाकारली

रोमच्या सत्तेस आद्य ख्रिस्ती जनांनीं कोणत्या रीतीनें विरोध केला, हें पाहावयाचें असल्यास वाचकांनीं इ. स. 180 च्या 17 जुलै रोजीं आफ्रिकेंतील कार्थेज नगरीं झालेली एक चौकशी ध्यानांत घ्यावी. सिल्ली गांवचे बारा जण, सात पुरुष व पांच स्त्रिया, सुभेदार सातुर्निनुस याजपुढें आरोपी होते. सम्राटाच्या रक्षक-देवतेची शपथ वाहा, म्हणजे क्षमा मिळेल, असें त्यानें सांगितलें. (ज्या कोमोदसाची ही शपथ, त्याचा 192 सालीं घरच्याच मंडळींनीं गळा दाबविला!) स्पेरातुसानें उत्तर दिलें कीं, आपण कधीं चोरी केली नाहीं, खरेदी केलेल्या मालावर कर भरतों, परंतु या जगाचें साम्राज्य मानीत नाहीं. दोनाता नामक स्त्रीनें कैसराचा मान कबूल केला, भय मात्र देवाचेंच धरिलें. यास बंड म्हणावें काय? शस्त्र नाहीं, करास नकार नाहीं. तरी सुभेदारास हवें तें नेमकें मिळेना, व माझ्या मतें बंडाहून हेंच सत्तेस अधिक जड गेलें. पेटींत काय आहे असें विचारतां, पुस्तकें व पौलाचीं पत्रें, असें कळलें. विचारासाठीं तीस दिवसांची मुदत देऊं केली. तीही त्यांनीं घेतली नाहीं. शिक्षा ऐकून त्यांनीं देवाचे आभार मानिले, आणि लागलाच त्यांचा शिरच्छेद झाला.