पलंगाची कूस आणि मुळशीची जमीन

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले, फायली चाळताना आणि कामगारांच्या हातांकडे पाहताना. तेव्हा इतिहासावर बोलायला उभा राहून मी एका पलंगापासून सुरुवात केली, तर नवल मानू नका.

पौडच्या पुढे एका वृद्ध सुताराच्या घरी हा सागवानी पलंग मी पाहिला. कोठे खिळा दिसेना, कुसाचे टोकही बाहेर दिसेना. तीन इंची खुराला भोक पाडायचे ते दोनच इंच खोल. पलीकडे पटाशी निघता कामा नये. गातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी कूस. लांब आणि आडवी अशा दोन गाती एकाच खुरात शिरतात, त्यांची कुसे आत एकमेकांना भिडतात. म्हणून दोन्हींची टोके तिरपी कापायची.

आडव्या गाती कायमच्या बसवलेल्या. त्यांची युक्ती अशी : कुसाच्या टोकाला करवतीने चीर द्यायची, चिरेत पाचरीचे टोक अडकवायचे आणि भोक तळाशी किंचित रुंद ठेवायचे. मोगरीने ठोकत गेले की पाचर तळाला टेकते, चिरेत घुसते आणि कूस आतल्या आत फुलते. मग ती बाहेर येणे नाही. पाचर लांब झाली तर मात्र कूस अर्ध्यावर अडकते, ना आत ना बाहेर. दुसरी संधी नसलेले काम! लांब गाती सुटणाऱ्या. त्यांना खुराच्या आतल्या अंगाने एकेक बांबूची खुंटी. डोके जरा वर ठेवलेले, पिळून ओढले की गात मोकळी.

हा पलंग त्याच्या आजोबांनी केलेला, आणि धरणाखाली गेलेल्या गावातून सुटा करून वर आणलेला.

गावगाड्यात सुतार थोरल्या कासेतला बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचे. त्याचा हक्क शेतावर नव्हता. शेत पिकण्यावर होता. नीळा-मुळेच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी पन्नासाच्या आसपास गावे जायची ठरली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे झाले, विनायकराव भुस्कुटे झटले. लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना पुढे सात वर्षांची सजा झाली. धरण १९२७ मध्ये पुरे झाले. पाणी घाटाखाली भिऱ्याला पडले आणि तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या गिरणी कामगारांचा वारसा आम्ही युनियनवाले सांगतो, त्यांचे माग याही विजेवर चालले. आमच्या भाषणांत ही गोष्ट क्वचितच येते.

जमीन घेतली १८९४ च्या कायद्याने. त्या कायद्यात जमीन म्हणजे जमीन, तिच्यातून होणारे लाभ आणि तिला कायम जोडलेल्या वस्तू. घराचा खांब जमिनीत पुरलेला, त्याची किंमत होई. पलंग सुटा, तो उचलून न्यावा. पण बलुते कशात धरायचे? ते सातपिढ्यांचे खरे, पण कागदावर ते कोठल्या गटाला जोडलेले? कित्येक कुळांच्या जमिनी सावकाराकडे गहाण पडलेल्या, त्यांच्या हातीच पैसा धड आला नाही. तेथे खळ्यावर टोपली घेऊन उभ्या राहणाऱ्या सुताराची दाद कोण घेणार? कंपनीविरुद्ध आपण पुष्कळ बोललो, आणि ते रास्तच होते. गावाच्या आतली ही उतरंड मात्र झाकलेलीच राहिली.

गात परत बसवताना मी हात लावला. ती आत जाईना. म्हातारा हसला, म्हणाला, "साहेब, रेघा बघा की." प्रत्येक कुसावर आणि तिच्या खुरावर पटाशीने रेघा कोरल्या होत्या : एकाला एक, दुसऱ्याला दोन. मी दोन रेघांची कूस एक रेघेच्या भोकात घालत होतो.