इलेक्ट्रिक एसटी: धोरण काय सांगते, आणि मुक्कामी गाडीचे काय?

शून्य उत्सर्जन बस म्हणजे जिच्या मागून धूर निघत नाही अशी बस. आपल्याकडे सध्या ती बॅटरीवरचीच. एसटीने अशी पहिली गाडी, 'शिवाई', 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर सोडली. एसटीची सगळ्यात पहिली गाडीही 1948 साली याच तारखेला, याच मार्गावर धावली होती.

इलेक्ट्रिक गाड्या आणायच्याच, असा कायदा महाराष्ट्रात नाही. आहे ते धोरण. जुलै 2021 च्या धोरणात 2025 पर्यंत एसटीच्या 15 टक्के गाड्या इलेक्ट्रिक करायचे ठरले. गाड्या पंधरा हजार धरल्या तरी हा आकडा दोन हजारांवर जातो. 2023 मध्ये 5,150 गाड्या भाडेतत्त्वावर घ्यायचे ठरले. त्या वेळेत आल्या नाहीत, तेव्हा मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करायला सांगितले. मुदत हुकली, एवढेच. धोरण हुकले म्हणून कुणाला दंड होत नाही.

कायदा असला की काय होते, ते बाहेर दिसते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2018 मध्ये नियम केला, की 2029 पासून सार्वजनिक सेवेने घेतलेली प्रत्येक नवी बस शून्य उत्सर्जनाचीच हवी. युरोपियन युनियनने नव्या शहरी बससाठी 2035 ही मुदत घातली. पण गावोगाव जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसला तिथेही वेगळे, सैल माप लावले आहे. हा फरक आपल्याकडे कुणी फारसा बोलत नाही.

केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाली. 10,000 बस, पण तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव (4.60 लाख) आणि धुळे (3.75 लाख) त्यात बसतात. चोपडा, शिरपूर, साक्री, यावल बसत नाहीत. तालुक्याला एसटीच आहे.

आता खरी अडचण मुक्कामी गाडीची. ही गाडी संध्याकाळी डेपोतून निघते, रात्री गावातच थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे कॉलेजची पोरे, दवाखान्याचे पेशंट, बाजाराला निघालेल्या बाया घेऊन परत येते. डिझेलच्या टाकीला रात्रभर काही लागत नाही. इलेक्ट्रिक गाडी मात्र रात्रीच चार्ज करायची असते, आणि चार्जर डेपोत. गाडी रात्री रिकामी परत आणायची तर जाण्या-येण्याचे किलोमीटर फुकट जातात. गावात चार्जर बसवायचा तर त्याला मोठ्या दाबाची लाइन लागते. जिथे शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, तिथे हे सोपे नाही.

त्यात भाडेतत्त्वाचा हिशोब. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, वाहक एसटीचा, पैसे किलोमीटरवर. गाडी भरलेली असो की चार माणसे असोत, एसटीला तेवढेच द्यावे लागतात. तोट्याची फेरी म्हणून आधी नजर जाईल ती अशाच गाड्यांवर. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ती गेली की मुलीचे बारावीचे शिक्षण तिथेच अडते, कारण तिच्यासाठी दुसरी गाडी नसते.

2025 च्या नव्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची आहे. सुरत-नागपूर महामार्गावरच्या साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळला त्याचा फायदा होईल. महामार्ग सोडून आत वळले की पुढे काही नाही.

धुराचेही पाहायला हवे. बसच्या मागून धूर निघणार नाही हे खरे, पण दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतोच. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, पण सौर वीज दिवसा तयार होते आणि मुक्कामी गाडीला ती लागते रात्री. दुपारी गाडी डेपोत तास-दोन तास उभी ठेवून चार्ज करता येईल. त्यासाठी जळगाव विभागाच्या अकराही आगारांचे वेळापत्रक नव्याने लावावे लागेल.