आपले गोधन, परभूमीचे कुरण

ज्या समाजात एके काळी घराण्याची प्रतिष्ठा गोठ्यावरून मोजली जात असे, त्या आपल्या समाजातील कुटुंबांपुढे ठेवण्याजोगा एक इतिहास दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात घडला आहे. त्या देशात आज २० कोटींहून अधिक गुरे आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जनावरांच्या पाठीवरील वशिंड ही भारताची देणगी होय. तथापि उत्तम वळू तेथे पोहोचला, त्यानंतर उत्तम कुरण सिद्ध होण्यास सुमारे एक शतक लागले. या शतकाचा बोध आपल्या उपयोगी पडेल, या विचाराने हा अल्पसा आढावा घेतला आहे.

पोर्तुगीजांनी नेलेली युरोपीय वंशाची गुरे त्या उष्ण प्रदेशात ऊन, गोचीड आणि निकस चारा यांनी खंगत असत. १८६८ साली इंग्लंडकडे निघालेले एक जहाज साल्वादोर बंदरात थांबले असता त्यावरील ओंगोल जातीची एक जोडी तेथे विकली गेली, असे तेथील पशुपालक सांगतात. १८९३ मध्ये तेओफिलो द गोदॉय हे गृहस्थ तर गुरे खरेदी करण्यासाठी स्वतः भारतात आले. उबेराबा हे गाव या व्यवहाराचे केंद्र बनले. ओंगोलला तेथे ‘नेलोर’ आणि कांक्रेजला ‘गुझेरा’ ही नावे मिळाली. गीरचे नाव मात्र गीरच राहिले.

या प्रवासात संकटेही आली. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे जाणारी गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरविली असता त्यांच्याबरोबर बुळकांडी रोग तेथे शिरला. या अनर्थाच्या धक्क्यातूनच १९२४ साली पॅरिस येथे पशुरोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढे उबेराबा परिसरात भारतीय जातींचा परस्पर संकर करून ‘इंदुब्राझील’ जात घडविण्यात आली. परंतु तिच्या लांब कानांचे असे वेड पसरले की, वजन आणि वाढ यांपेक्षा कानांची लांबी पाहून वळूचे मोल ठरू लागले! १९३८ पासून वंशनोंदणी सुरू झाली आणि जनावराच्या उपयुक्ततेची पारख हळूहळू शास्त्रशुद्ध झाली.

परंतु वळू कितीही कुलवान असला, तरी त्याने खावे काय? ब्राझीलच्या मध्यभागी ‘सेराडो’ नावाचा सुमारे २० कोटी हेक्टरांचा माळप्रदेश आहे. तेथील माती आम्लधर्मी, स्फुरदाने दरिद्री आणि ॲल्युमिनियममुळे मुळांना घातक. उष्ण कटिबंधातील गवत पावसाळ्यात झपाट्याने वाढते, पण लवकर जून होते. कोरड्या ऋतूत त्यातील प्रथिने उतरतात. परिणामी पावसाळ्यात कमावलेले वजन जनावर कोरड्या ऋतूत गमावी, आणि पशुपालकाचा नफाही त्याबरोबर आटून जाई.

१९७३ मध्ये ‘एम्ब्रापा’ ही सरकारी कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. चुनखडी आणि स्फुरद यांच्या योगाने ती माती सुधारता येते, हे संशोधकांनी सिद्ध केले; या कार्याबद्दल लोबातो, पाओलिनेल्ली आणि मॅक्लंग या तिघांना २००६ चे जागतिक अन्न पारितोषिक लाभले. चाऱ्यासाठी आफ्रिकेतील ‘ब्रॅकिआरिया’ गवते निवडण्यात आली. त्यांतील एका जातीवर रस शोषणारी कीड पडू लागली, तेव्हा १९८४ मध्ये कीडप्रतिकारक ‘मरांदू’ वाण प्रसृत झाले. तेही पाणी साचणाऱ्या जमिनीत मरू लागले. एकाच गवतावर सारा भरवसा ठेवू नये, हा धडा तेथील पशुपालकांना असा दोनदा मिळाला.

त्याहून मोठा शत्रू होता अतिचराई. मुळे पुन्हा बळकट होण्यापूर्वीच कळप परतला, की कुरण ओसाड पडे. म्हणून कुरणाचे भाग पाडून प्रत्येक भागास पाळीपाळीने विसावा देण्याची रीत रुजविण्यात आली. फ्रेंच पशुपालक आंद्रे व्हॉइसिन यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले होते. मक्याबरोबरच गवत पेरून, मका काढल्यावर त्याच शेतात कोरड्या ऋतूचा चारा मिळविण्याची युक्तीही सफल झाली.

या वैभवाची दुसरी बाजू लपविणे योग्य नव्हे. हे पशुपालन मुख्यत्वे मांसासाठी आहे, आणि कुरणांच्या विस्तारापायी सेराडोतील व ॲमेझॉनमधील विस्तीर्ण वने नष्ट झाली. त्याच जमिनीत अधिक चारा पिकविला, तर नवे रान तोडण्याची गरज उरत नाही. पण लोभास आवर नसेल, तर हे शास्त्रही वनाचे रक्षण करू शकणार नाही.

आपल्याकडे गायराने आक्रसली, आणि राहिलेल्या माळावर सर्वांची गुरे बारमाही फिरतात. कुरणाची राखण ही आपल्या वाडवडिलांना ठाऊक असलेलीच गोष्ट. ज्या कुटुंबांकडे अद्याप गुरे व माळ आहेत, त्यांनी वळूची पारख करण्यापूर्वी गवताची पारख करावी, आणि जमीन पोसू शकेल तितकीच जनावरे राखावीत. दावणीला किती गुरे आहेत, यापेक्षा ती वैशाखात कशी दिसतात, यावरच गोठ्याची खरी प्रतिष्ठा मोजावी, हे उचित होय.